सेवेला सोवळे कोणते?

आज धनत्रयोदशी. समुद्रमंथनातून हाती अमृताचा कलश घेऊन प्रकट झालेल्या भगवान धन्वंतरीचा हा दिवस. वैद्यांच्या घरी आज त्याची पूजा होते, कडुलिंबाच्या पानांचे बारीक तुकडे साखरेबरोबर प्रसाद म्हणून हातावर ठेवले जातात. इतर घरांत मात्र ‘धन’ या शब्दाचा एकच अर्थ लक्षात राहिल्याने सराफकट्ट्याकडे पावले वळतात. त्याबद्दल तक्रार करण्याचे आज प्रयोजन नाही. आजचा विषय निराळा आहे, आणि तो आमच्या जेऊर परिसरातील एका गृहस्थांच्या प्रश्नातून निघाला आहे.

त्यांची कन्या परिचारिकेचे शिक्षण घेऊन इंग्लंडातील एका रुग्णालयात नोकरीस आहे. तिच्या सहकाऱ्यांपैकी काही जण तेथील एका चर्चच्या वतीने दोन आठवड्यांसाठी युगांडा देशात वैद्यकीय सेवेस जाणार आहेत. वेतन नाही, विमानाचे भाडे ज्याचे त्याने भरायचे, रजा स्वतःची खर्च करायची. मुलीला जाण्याची इच्छा आहे. घरी दोन तट पडले. आजीचे म्हणणे, लेकरू पाद्र्यांच्या मेळ्यात गेले म्हणजे परत आपले राहील काय? आईला भीती रोगराईची. वडील सप्ताहातील कीर्तन आटोपल्यावर मजकडे आले आणि हळूच म्हणाले, “बुवा, शास्त्र काय सांगते? पोरीला हो म्हणू की नको?”

प्रश्न एका घरचा असला तरी तो आता एका घरापुरता राहिलेला नाही. सोलापूर जिल्ह्यातील पुष्कळ मुले-मुली डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते होऊन परदेशी गेली आहेत. तिकडे अशा अल्पमुदतीच्या वैद्यकीय फेऱ्यांची प्रथा मोठी आहे आणि त्यांतील बऱ्याचशा चर्चच्या आश्रयाने निघतात. आज ना उद्या हे बोलावणे अनेकांच्या दारी येईल. म्हणून उत्तर चार भिंतींत न देता या पानावर देत आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. परमुलखातून आलेल्या ख्रिस्ती वैद्याच्या हातचे औषध आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो आहोत. जेऊर हे रेल्वेचे गाव. करमाळे तालुक्याला पुण्या-सोलापूरच्या लोहमार्गाशी जोडणारे स्थानक. या गाडीने कुर्डुवाडीला उतरायचे, तेथून बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरील डब्यांत बसायचे आणि पंढरपूरमार्गे मिरज गाठायचे, ही वाट जुन्या माणसांना पाठ असे. कुर्डुवाडी-पंढरपूर हा रूळ १९०६ साली झाला आणि पुढे मिरजेपर्यंतचा १९२७ साली. त्याच एका गाडीत कोणी विठ्ठलाच्या पायांशी निघालेला असे, कोणी मोतीबिंदू उतरवून घेण्यासाठी मिशनच्या दवाखान्याकडे निघालेला असे. आणि एकाच माणसाने जाताना एक व येताना दुसरे असे दोन्ही उरकल्याची उदाहरणे तर विचारूच नका!

मिरजेचे ते रुग्णालय १८९४ साली उघडले. ते उभारणारे डॉक्टर विल्यम वानलेस हे जन्माने कॅनडाचे, पंथाने प्रेस्बिटेरियन. १८८९ साली ते या देशात आले आणि १९२८ साली परत गेले. मध्ये तीन तपांहून अधिक काळ लोटला! डोळ्यांची व पोटाची शस्त्रकर्मे त्यांनी इतकी केली की मिरज हे वैद्यकीय क्षेत्र म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांनी हाताखालची माणसे शिकविली. त्या बीजातूनच १९६२ साली मिरजेस वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि ते पुढे शासनाकडे गेले. मिशनच्या दवाखान्यांतून सकाळी प्रार्थना होई, उपदेशही होई, हे लपविण्याचे कारण नाही. आमची माणसे तो ऐकत, मनात पांडुरंगाचे नाव घेत आणि बरी होऊन घरी येत. कोणी धर्म बदलला, बहुतेकांनी बदलला नाही. रोग्याचा जीव वाचला हे मात्र दोन्ही पक्षांना मान्य करावे लागेल.

मग घेताना जे चालले, ते देताना का चालू नये? आपल्या घरची मुलगी त्याच जातीच्या कार्यात हातभार लावण्यास निघाली तर आपल्याला एकदम सोवळे का आठवावे?

येथे कोणी समुद्रयानाचा निषेध पुढे करील. कलिवर्ज्यांच्या यादीत समुद्रगमन आहे, हे खरे. परंतु ज्या घरची मुले विमानाने विलायतेस जाऊन नोकऱ्या करतात, त्या घराने विलायतेपर्यंतचा समुद्र गोड मानावा आणि तेथून पुढे आफ्रिकेकडील तेवढा खारट मानावा, यात शास्त्र कुठे आहे ते मला दिसत नाही. मिशनच्या अन्नपाण्याचा विटाळ हा दुसरा आक्षेप. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली असता त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली; नावे वृत्तपत्रात छापली गेली आणि ग्रामण्य उभे राहिले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न सोडवावा लागला. एक पेला चहा, आणि सारे पुणे ढवळून निघाले! आज ते प्रकरण वाचताना हसू येते. पण हसणाऱ्यांनी हेही पाहावे की आपल्या घरातील आजीची भीती त्याच जुन्या भीतीची नात आहे. तिची थट्टा करून ती जाणार नाही.

गंमत अशी की तो चहाचा प्रसंग घडवून आणणारे आणि नावे उघड करणारे गोपाळराव जोशी म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे यजमान. आनंदीबाईंची कथा आपल्या प्रश्नाच्या अगदी गाभ्याशी येते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. पत्नीला अमेरिकेत शिकविण्यासाठी साहाय्य मिळावे म्हणून गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिले. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात होते. तेथील मिशनचा पाया त्यांचाच, आणि वानलेस ज्या मिशनतर्फे मिरजेस आले ते त्याच कार्याचे पुढचे रूप. वाइल्डरांनी ख्रिस्ती होण्याची गोष्ट पुढे केली आणि तो पत्रव्यवहार अमेरिकेतील आपल्या मिशनरी मासिकात छापला. हेच मासिक न्यू जर्सीतील थिओडिसिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडले. त्याही ख्रिस्तीच. पण त्यांनी कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना आपल्या घरी बोलाविले. १८८३ साली श्रीरामपूर येथे जाहीर सभेत, आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे आनंदीबाईंनी निक्षून सांगितले. १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळविली आणि तसेच परत आल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रीविभागाचे काम त्यांच्याकडे यावयाचे होते. ते न होता १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वय पुरते बावीसही नव्हते.

एकच धर्म, एकच ग्रंथ, आणि त्यातून एकाच्या मनात अट उपजली, दुसरीच्या मनात माया. तेव्हा ‘ख्रिस्ती लोकांबरोबर जावे का’ या प्रश्नाला एक उत्तर असूच शकत नाही. वाइल्डरांबरोबर निघाली आहेस की कार्पेंटरबाईंबरोबर, हे त्या मुलीला विचारावे लागेल.

औषधाच्या पुडीत धर्म बांधून देणे मला मान्य नाही, आणि ते कोणीही केले तरी मान्य नाही. तत्कालीन मध्यप्रदेश सरकारने नेमलेल्या, न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६ साली आपल्या अहवालात, वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचे साधन म्हणून वापर कायद्याने बंद करावा अशी शिफारस केली होती. त्या अहवालावर पुष्कळ वाद झाले; पण या एका मुद्द्यावर विचारी ख्रिस्ती माणसेही फार दूर नाहीत. रेडक्रॉस व इतर साहाय्यकारी संस्थांनी १९९४ साली आपत्तीतील मदतकार्यासाठी जी आचारसंहिता मान्य केली, तिच्यात मदतीचा उपयोग कोणत्याही धार्मिक किंवा राजकीय मताच्या प्रसारार्थ होऊ नये असे कलम आहे आणि तिच्यावर अनेक ख्रिस्ती संस्थांच्या सह्या आहेत. कारण उघड आहे. तापाने फणफणलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य कुठे असते?

प्रस्तुत प्रकरणी मात्र एक गोष्ट आजीबाईंना सांगितली पाहिजे. युगांडातील बहुसंख्य प्रजा आधीच ख्रिस्ती आहे. राजधानी कंपाला येथील मेंगो रुग्णालय अल्बर्ट कुक या मिशनरी डॉक्टरांनी १८९७ साली स्थापिले, म्हणजे आपल्या मिरजेनंतर तीनच वर्षांनी. तेथे जाऊन कोणी कोणाला बाटवील ही चिंता फोल आहे. चिंता करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती आजीच्या किंवा आईच्या ध्यानी आलेली नाही.

ती अशी : दोन आठवड्यांत रोग्याचे खरोखर भले होते काय?

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, द्रव्य म्हणजे औषध, उपस्थाता म्हणजे रोग्याची शुश्रूषा करणारा, आणि चौथा स्वतः रोगी. चारही पाय धड असतील तरच चिकित्सेची गाय उभी राहते. आता या अल्पकालीन फेऱ्यांचे स्वरूप पाहा. विमानातून वैद्य उतरतो, त्याच्याबरोबर औषधांच्या पेट्या उतरतात. दोन पाद आले. रोगी तर रांगेत पहाटेपासून उभाच आहे. परंतु उत्तम रोग्याच्या गुणांत चरकाने ‘ज्ञापकत्व’ सांगितले आहे, आपल्याला काय होते ते नीट सांगता येणे. ज्याची भाषा वैद्याला येत नाही आणि वैद्याची त्याला येत नाही, त्या बिचाऱ्याचे ज्ञापकत्व दुभाष्याच्या ओठांवर लटकलेले. पोटात ‘कळ’ येते, ‘मुरडा’ येतो आणि ‘जळजळते’ या तीन शब्दांत करमाळ्याचा वैद्य तीन निदाने करील. दुभाषा तिन्हींना पोटदुखी म्हणून मोकळा होईल.

आणि उपस्थाता? तो तर पंधराव्या दिवशी विमानात बसून परत जातो. मोतीबिंदूचे शस्त्रकर्म वीस-पंचवीस मिनिटांचे असेल, पण त्यानंतर कित्येक आठवडे डोळ्यात थेंब घालावे लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत जंतुदोष झाला तर दृष्टीच जाते. रक्तदाबाच्या म्हाताऱ्याला एक महिन्याच्या गोळ्या दिल्या. एकतिसाव्या दिवशी त्याने काय करायचे? मधुमेह दोन आठवड्यांच्या शिबिराने हटत नाही. हर्नियाचे टाके सुटले तर त्या खेड्यातून कोणाच्या दारी जायचे? त्यात आणखी, आठवडाभर फुकट औषधे वाटली गेली म्हणजे तेथील वर्षभर झटणाऱ्या स्थानिक दवाखान्याकडे रोगी पाठ फिरवितात. पाहुणे गेल्यावर गावाला पुन्हा त्याच दवाखान्याची गरज असते. औषधांच्या पेट्यांची कथा तर अधिकच खेदाची. मुदत संपत आलेली, कोणाला नकोशी झालेली औषधे दानाच्या नावाने गरीब देशांत लोटण्याचे प्रकार इतके वाढले की जागतिक आरोग्य संघटनेला १९९६ साली नियम घालून द्यावे लागले : दान दिलेल्या औषधाची मुदत पोहोचल्यानंतर निदान एक वर्ष तरी शिल्लक असावी. दूध आटलेल्या गाई दान देणाऱ्या वाजश्रवसाला त्याच्या मुलाने, नचिकेत्याने, प्रश्न विचारला होता. या पेट्यांना तो विचारणारा कोणी नव्हता.

गीतेतील सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची कसोटी देश, काल आणि पात्र यांवर लाविली आहे. आपण पात्राचाच विचार करतो. कालाचा अर्थ पर्वकाळ एवढाच घेतो. रोग्याच्या बाबतीत काल म्हणजे त्याला लागणारा काळ. तो देण्याची तयारी नसेल तर दान अपुरे राहते, देणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असो.

म्हणून अल्पमुदतीची सेवा व्यर्थच, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या वारीतील वैद्यकीय पथके पाहा. डॉक्टर रजा काढून येतात, कोणी दोन मुक्काम, कोणी चार. पायाचे फोड बांधतात, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी देतात आणि आपापल्या गावी परत जातात. ही सेवा पुरी पडते, कारण दुखणेही चार मुक्कामांचेच असते आणि फोड बांधून घेणारा वारकरी बोलतो तीच भाषा डॉक्टर बोलतो. १९९१ साली सुरू झालेली जीवनरेखा एक्सप्रेस घ्या. रुळांवरचे हे रुग्णालय आडगावच्या स्थानकात येऊन उभे राहते, शस्त्रवैद्य काही दिवसांपुरते विनावेतन येतात व जातात. ख्रिस्ती सेवाभावी मंडळींचे मर्सी शिप्स नावाचे कार्य आहे, १९७८ सालापासूनचे. त्यांची रुग्णालय-जहाजे आफ्रिकेच्या एकेका बंदरात सुमारे दहा महिने नांगर टाकून राहतात. त्यावरील स्वयंसेवक काही आठवड्यांसाठी येतात, तेही स्वतःच्या खर्चाने; पण एक गेला तरी दुसरा येतो, जहाज जागेवर असते, आणि स्थानिक वैद्यांना शिकविणे हा त्यांच्या कामाचाच भाग असतो. माणूस अल्पकाळाचा, पण व्यवस्था दीर्घकाळाची. भजनात टाळकरी बदलतात, ठेका सुटत नाही, तसे हे.

मी त्या गृहस्थांना म्हणालो, तुमच्या कन्येने चर्चचे नाव काय हे विचारण्याआधी तिकडे गावात वर्षभर कोण असते, हे विचारावे. कायमचा दवाखाना आहे का, तेथील डॉक्टरने या मंडळींना बोलाविले आहे की यांनीच आपणहून जायचे ठरविले? रोग्याचा कागद कोणाजवळ राहणार? आणि ती परिचारिका आहे, तिने तेथे परिचारिकाच राहावे. परमुलखी गरीब रोग्यावर, येथे करावयास मिळत नाही ते करून पाहावे, असा मोह नवशिक्यांना होतो. जे इंग्लंडात तिच्या अधिकारात नाही, ते युगांडात एकाएकी अधिकारात येत नाही. तेथील दोन मुलींना जखम बांधण्याची, हात धुण्याची, ताप मोजून लिहून ठेवण्याची पद्धत तिने शिकविली, तर चरकाचा तो तिसरा पाद ती मागे ठेवून येईल. माझ्या मते त्या फेरीतील शस्त्रवैद्यापेक्षा तिचेच महत्त्व अधिक ठरू शकते.

सोलापूरकरांना तरी परदेशी वैद्यकीय सेवेचे वावडे असू नये. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने धाडलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. ते पथक धार्मिक नव्हते, हे खरे. पाच जण गेले होते. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी हे चौघे परत आले. कोटणीस तेथील भाषा शिकले, युद्धभूमीवर जखमींची शस्त्रकर्मे करीत राहिले, बेथ्यून यांच्या नावाने चाललेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथेच विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तेथेच देह ठेविला. ज्यांच्या नावाचे ते रुग्णालय, ते नॉर्मन बेथ्यून वानलेसांप्रमाणेच कॅनडाचे, प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाचे चिरंजीव, आणि स्वतः साम्यवादी! कोटणिसांनी त्यांची गादी चालविली, तेव्हा त्यांना कोणत्या धर्माचे म्हणावे, हा वाद घालायला चिनी जखमी शिपायांना सवड नव्हती.

आणि आपल्या परंपरेला तरी हे कोठे परके आहे? भागवताच्या नवम स्कंधातील रंतिदेव अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपासानंतर हाती आलेले अन्न पाहुण्यांना वाटून टाकतो आणि उरलेले घोटभर पाणी पुल्कसाला देतो. त्याला सिद्धी नको, मोक्षही नको, प्राण्यांचे दुःख आपल्याकडे यावे एवढेच मागणे. नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखात ओतली, ते आख्यान मी चाळीस वर्षे लावतो आहे. श्रोते डोळे पुसतात. मग त्याच श्रोत्यांच्या घरची लेक कावड उचलून निघाली, तर बरोबरचे यात्रेकरू कोणत्या पंथाचे, एवढ्यावरून तिला अडविण्याचा अधिकार आपल्याला कसा पोहोचतो?

प्रार्थनेचा प्रश्न उरला. सकाळी सारी मंडळी एकत्र प्रार्थना करतील तेव्हा हिने काय करावे? शांतपणे उभे राहावे, आपले विष्णुसहस्रनाम मनात म्हणावे. पुस्तिका वाटण्याचे काम अंगावर आले तर नम्रपणे नाही म्हणावे. आणि ते काम औषधाच्या रांगेतच चालणार असेल, तर त्या मेळ्याबरोबर जाऊच नये, दुसरा शोधावा. खाण्यापिण्याचे तिचे तिला कळते, ती विलायतेत उपाशी राहिलेली नाही. आजीबाईंसाठी एक मागणे मी तिच्याकडे केले आहे. पुढील सुटीत गावी येईल तेव्हा रजेतील निदान चार दिवस करमाळे तालुक्यातील एखाद्या सरकारी दवाखान्यात तेथील परिचारिकांच्या बरोबरीने घालवावेत. युगांडाइतकी दूरची नसली तरी येथेही रांग असतेच.

गृहस्थांनी शेवटी विचारले, प्रस्थानाला मुहूर्त कोणता? पंचांग मी उघडले नाही. युगांडात पाऊल ठेवण्यास पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला लागतो, आणि तो टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतो. मुलीला आजच फोन करून, सुई केव्हा घेतेस, तेवढे विचारा असे सांगून मी त्यांना घरी पाठविले.